नवीन मोबाईल घ्यायचाय, कंपनी पण बदलायचीय, पण सगळी मापं व्हॉट्सॲपवर आहेत. काय करू?

वडगावची_शिवणवाली

नमस्कार सगळ्यांना. मी बेळगावात वडगावला राहते, घरीच ब्लाऊज शिवते, फॉल-पिको, साडीला गोंडे, खणाचे ब्लाऊज, असलं सगळं. गिऱ्हाईक गावातलं तर आहेच पण चंदगड, कोल्हापूर, खाली गोव्यात साखळी-फोंड्यापर्यंत आहे, आणि त्या सगळ्यांची मापं, गळ्याच्या डिझाईनचे फोटो, "ताई मागचा गळा अजून अर्धा इंच खाली घ्या" असले व्हॉइस मेसेज, सगळं व्हॉट्सॲप बिझनेसवर आहे. आधी वहीत लिहायची सवय होती, लॉकडाऊनमध्ये सुटली ती सुटलीच.

मोबाईल २०२० चा, ६४ जीबीचा. पिन वाकडी धरली तरच चार्ज होतो, स्टोरेज भरलं म्हणून रोज मेसेज, फोटो काढायला गेलं की कॅमेरा अडकतो, आणि आता बँकेचं ॲप म्हणतंय तुमचं अँड्रॉइड जुनं झालं. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण सर्व्हिसवाल्यांनी दोनदा "हुबळीला पाठवतो" म्हणून आठ-आठ दिवस ठेवून घेतला आणि होता तसाच परत दिला. त्या दिवसात किती जणी दुसरीकडे गेल्या ते मलाच ठाऊक. म्हणून ह्या वेळी ती कंपनी नकोच.

पोरगा म्हणतोय आयफोन घे, सेकंडहँड मिळतोय. जाऊबाई म्हणतात सॅमसंग घे. मिस्टर म्हणतात कोल्हापूरला जाऊन घेऊ, तिकडं टॅक्स कमी लागतो. बजेट २५ हजार, अगदीच झालं तर २८. नवरात्राची गर्दी सुरू व्हायच्या आत सगळं बसायला पाहिजे, एकदा घट बसले की मला मान वर करायला वेळ नसतो. माझं जुनं चॅट जसंच्या तसं नवीन मोबाईलवर येणार का, आणि पैसे घ्यायचा तो क्यूआर कोड परत काढावा लागणार का, एवढं तरी कुणीतरी नीट सांगा.

खडेबाजार_रिपेरी

ताई, मी खडेबाजारात मोबाईल रिपेरीलाच बसतो, म्हणून आधी उलटं बोलतो. नुसती पिन ढिली झाली म्हणून कुणी नवीन घ्यायला निघालं तर मी घेऊ नका म्हणतो, खालचा चार्जिंगचा बोर्ड बदलला की काही शेकड्यांत काम होतंय. पण तुमचं तसं नाही. स्टोरेज संपलंय आणि अँड्रॉइडच जुनं म्हणून बँकेचं ॲप अडतंय, तिथं पिन बदलून काय होणार. घ्या नवीन.

कोल्हापूरचं मात्र डोक्यातनं काढा. मोबाईलवर जीएसटी १८ टक्के आहे, १ एप्रिल २०२० पासून, त्याआधी १२ होता, आणि तो बेळगावात जेवढा तेवढाच कोल्हापुरात तेवढाच पणजीत. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी उतरला तेव्हा मोठे टीव्ही, एसी खाली आले, मोबाईल १८ वरच राहिला. दुकानदार पदरचं किती सोडतो एवढाच काय तो फरक, आणि त्यासाठी जाऊन-येऊन बसचं भाडं आणि एक दिवसाचं शिवण घालवण्यात अर्थ नाही.

कंपनी बदलताना मी गिऱ्हाईकाला पहिला प्रश्न हा विचारायला सांगतो की रिपेरी बेळगावातच होते की हुबळीला जाते. दुकानदार "होते की हो" म्हणतो, त्याच्यावर जाऊ नका. त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये स्वतः पाच मिनिटं जाऊन विचारा की डिस्प्ले आणि बॅटरी इथं स्टॉकला असते का, किती दिवस लागतात. तुमचं दुकानच मोबाईलवर चालतंय, तुम्हाला कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा हे जास्त महत्त्वाचं.

दुसरं, अपडेट किती वर्षं. बँकेच्या ॲपनं तुम्हाला अडवलं ते ह्याच्यापायीच. सॅमसंगनं २०२५ मध्ये ए२६, ए३६, ए५६ काढले त्यांना सहा वर्षं अपडेट देणार म्हणून सांगितलंय. गूगलचा पिक्सेल ८ पासून सात वर्षं आहे. बाकीच्या कंपन्यांचं मॉडेलप्रमाणे बदलतंय, डब्यावर नसतंय, त्यांच्या साईटवर बघून घ्या. स्टोरेज १२८ च्या खाली अजिबात नको, तुम्हाला तर २५६ बघा. मेमरी कार्ड घालीन म्हणाल तर हल्ली पुष्कळ मॉडेलमधनं कार्डाची जागाच काढून टाकलीय, आधी ट्रे उघडून दाखवायला सांगा.

चार्जरचं पण सांगतो, कंपनी बदलली की इथं माणसं फसतात. पिन टाईप-सी च असली तरी जुन्या कंपनीचा फास्ट चार्जर नवीनवर फास्ट चालेलच असं नाही, प्रत्येकानं आपापली पद्धत केलीय. चार्ज होतो, पण हळू. आणि सॅमसंग, ॲपल, गूगल हे तर आता डब्यात चार्जरच देत नाहीत. ते पैसे बजेटात धरून ठेवा.

क्यूआरची काळजी नको. तो तुमच्या यूपीआय आयडीचा असतो, मोबाईलचा नाही. तेच ॲप, तोच नंबर, तीच बँक ठेवली तर भिंतीला चिकटवलेला कोड आहे तसाच चालतो.

बाचीचा_पाव्हणा

वरच्या अण्णांनी बरोबर सांगितलंय, एक आमच्या बॉर्डरचं राहिलं. मी बाचीला राहतो, कामाला शिनोळीला, म्हणजे घर कर्नाटकात आणि कारखाना महाराष्ट्रात. मोबाईल बदलला आणि दुसऱ्या दिवशी शिनोळीला गेल्यावर नेट बंद. कॉल येतोय-जातोय, नेट नाही. मी सिम काढून घातलं, मोबाईल बंद-चालू केला, दुकानात परत नेला तर तिथं आल्यावर आपोआप चालू. चार दिवस असंच, मी म्हटलं पीसच खराब मिळाला. शेवटी कळलं की नवीन मोबाईलमध्ये डेटा रोमिंग बंद होतं. आपलं सिम कर्नाटक सर्कलचं, चंदगड तालुक्यात पाऊल टाकलं की मोबाईल महाराष्ट्राचा टॉवर धरतो आणि त्याला ते रोमिंग वाटतं. जुन्या मोबाईलमध्ये कधीतरी चालू करून विसरलो होतो, नवीनमध्ये कोण करणार. रोमिंगला आता देशात वेगळे पैसे लागत नाहीत, बिनधास्त चालू करून ठेवा, आणि दोन सिम असतील तर दोन्हीला वेगवेगळं करावं लागतंय. तुम्ही चंदगडला ब्लाऊज द्यायला जात असाल तर हे पहिल्या दिवशीच करा.

वडगावची_शिवणवाली

बाचीच्या दादा, जाते की हो, दर पंधरा दिवसांनी जाते, बरं झालं सांगितलंत. दुसरं सिम सासूबाईंचं आहे माझ्याच मोबाईलमध्ये, सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेच्या २,००० चा मेसेज त्याच्यावर येतो.

रिपेरीवाल्या अण्णा, तुमचं वाचून नवीन घ्यायचं ठरवलं आणि लगेच व्हॉट्सॲपच्या चॅटचा बॅकअप बघितला. शेवटचा बॅकअप आठ महिन्यांपूर्वीचा आहे!! गूगलची जागा भरली म्हणून पुढं झालाच नाही, आणि मला वाटत होतं रोज रात्री होतोय. आता पैसे भरून जागा घेऊ काय?

आणि एक विचारायचं राहिलं होतं. माझ्या धंद्यात रंग फार महत्त्वाचा. बाई साडीचा फोटो पाठवते, मी त्याला जुळणारा खण किंवा अस्तर काढते आणि त्याचा फोटो परत पाठवते. जाऊबाईंच्या मोबाईलवर एकदा तोच खण बघितला तर माझ्यावर डाळिंबी दिसणारा तिच्यावर लालभडक. दोन बायकांनी मागं ब्लाऊज परत केलेत रंग वेगळा आला म्हणून, त्यांचं पण खोटं नव्हतं, फोटोत तसाच दिसत होता. नवीन कंपनीच्या मोबाईलमध्ये हे अजून बिघडलं तर?

खडेबाजार_रिपेरी

जागा विकत घेऊ नका, लागत नाही. गूगलची फुकट जागा १५ जीबी, त्यात जीमेल, फोटो, ड्राईव्ह सगळं, आणि २०२४ पासून व्हॉट्सॲपचा बॅकअप पण त्यातच धरतात, आधी धरत नव्हते. आधी चालत होतं ते अचानक थांबलं ते ह्यामुळं. पुष्कळ लोकांचं झालंय, कळतं ते मोबाईल पडल्यावर.

तुम्ही अँड्रॉइडवरनं अँड्रॉइडवरच जाणार असाल तर व्हॉट्सॲपच्या आतच चॅट ट्रान्सफर आहे. सेटिंगमध्ये जायचं, चॅट, त्यात ट्रान्सफर चॅट्स, नवीन मोबाईलवर तोच नंबर टाकून व्हॉट्सॲप चालू करायचं, तिथं क्यूआर येतो तो जुन्यानं स्कॅन करायचा. वायफाय आणि लोकेशन दोन्हीकडं चालू पाहिजे, मोबाईल शेजारी-शेजारी. गूगलमधनं काही जात नाही, ह्या मोबाईलमधनं थेट त्या मोबाईलमध्ये, फोटो आणि व्हॉइस मेसेजसकट. बिझनेस आहे तर नवीनवर पण बिझनेसच घाला, साधं घालू नका. जुना आधी पूर्ण चार्ज करून घ्या, तुमची पिन ढिली आहे, मधेच बंद पडला तर परत पहिल्यापासून. आणि चालू असताना स्क्रीन उघडी ठेवा, दुसरं काही करू नका.

कॉन्टॅक्टचं वेगळं बघा. नंबर सेव्ह करताना काही सिमवर, काही मोबाईलमध्ये, काही गूगलवर गेलेले असतात. मोबाईलमधले सगळे गूगलला हलवून ठेवा, नाहीतर नवीनवर मेसेज दिसतील पण नावाच्या जागी नुसते नंबर.

आणि हे सगळ्यांना सांगतो, मोबाईल बदलायच्या दिवशी सिम बदलू नका. दुकानदार म्हणतो ५जी मोबाईल घेतलाय तर सिम पण ५जी घ्या, जिओ-एअरटेलचं ४जी सिम ५जीला चालतंय, लागत नाही. सिम बदललं, मग ई-सिम करून घेतलं तरी, २४ तास एसएमएस बंद ठेवतात, फसवणूक होऊ नये म्हणून केलेला नियम आहे. आणि यूपीआय नवीन मोबाईलवर चालू करायला तुमच्या सिमवरनं एक एसएमएस जावा लागतो. तो जात नाही, यूपीआय चालू होत नाही, माणूस माझ्याकडं येऊन बसतो. सिम आहे तेच घालून बघा, पाच मिनिटांत होतंय. पहिल्या दिवशी मोठी रक्कम पाठवायला बँक देत नाही, त्यामुळं अस्तर-धाग्याच्या होलसेलवाल्याचे पैसे आदल्या दिवशीच देऊन टाका. यायचे पैसे येतात.

टिळकवाडी_फोटो

रंगाचं मी सांगतो, लग्नाचे फोटो काढतो, हे माझं रोजचं दुखणं. शालूचा रंग अल्बममध्ये बदलला की नवरीची आई मला सोडत नाही.

तुमच्या बाबतीत रंग तीन ठिकाणी बदलतो बघा. एक कॅमेरा काढतानाच. प्रत्येक कंपनी आपल्या हिशेबानं रंग भडक करते, काही लालाला जास्त उठाव देतात, काहींचा फोटो पिवळसर येतो. दोन तुमची स्क्रीन. हल्लीच्या ॲमोलेड स्क्रीन घरनं येतानाच विव्हिड म्हणजे भडक रंगाच्या मोडवर असतात, त्यात डाळिंबी लाल दिसणारच. सॅमसंगमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगात स्क्रीन मोड असतो तिथं नॅचरल करा, बाकीच्यांत पण वेगळ्या नावानं असतं. आयफोनमध्ये ट्रू टोन म्हणून आहे, तो खोलीतल्या उजेडाप्रमाणे स्क्रीनचा रंग बदलत राहतो, खण जुळवताना तो बंद ठेवायचा. आणि सगळ्यात मोठं तिसरं, उजेड. संध्याकाळी ट्यूबखाली काढलेला मोरपंखी आणि दुपारी दारात काढलेला मोरपंखी, दोन वेगळी कापडं वाटतील. पिवळ्या बल्बखाली तर काढूच नका. सकाळी दहा-अकराला खिडकीजवळ, थेट ऊन नको, आणि फोटोत खणाशेजारी एक साधा पांढरा कागद ठेवा. समोरच्या बाईला सांगायचं, कागद पांढरा दिसतोय का बघा, पिवळा-निळा दिसला तर रंगावर भरवसा ठेवू नका. मी स्वतः कपड्याचे फोटो असेच पाठवतो.

मोबाईल घ्यायला जाताना पिशवीत तीन तुकडे घेऊन जा, एक डाळिंबी किंवा मरून, एक मोरपंखी, एक हळदी. हे तीन रंग मोबाईलला नीट जमत नाहीत. दुकानाच्या दारात येऊन प्रत्येक मोबाईलवर फोटो काढा आणि तुकडा स्क्रीनला लावून बघा. दुकानदार कुरकुर करेल, करू दे, २५ हजार देताय. जो जवळात जवळ दाखवेल तो घ्या, नाव कुठलं का असेना.

आणि पाठवताना एचडी वर टिक करून पाठवा, व्हॉट्सॲपनं २०२३ मध्ये दिलंय ते. नाहीतर खणाची बुट्टी पुसट होते.

निपाणी_ते_पुणे

आयफोनबद्दल मी बोलतो कारण मी दोन वर्षांपूर्वी गेलो तिकडं, आणि परत येणार नाही. मोबाईल अडकत नाही, व्हिडिओ फार सुंदर येतो, अपडेट वर्षानुवर्षं. मुलाचं चुकत नाही. पण ताईंना मी आत्ता घेऊ नका म्हणेन.

अँड्रॉइडवरनं आयफोनला व्हॉट्सॲप जातं, २०२२ पासून जातं, पण गूगल ड्राईव्हवरचा बॅकअप आयफोनला वाचताच येत नाही. मूव्ह टू आयओएस नावाचं ॲप लागतं, दोन्ही मोबाईल एका वायफायवर आणि दोन्ही चार्जिंगला लावलेले पाहिजेत, आणि आयफोन कोरा म्हणजे पहिल्यांदा चालू करतानाच ते करायचं. मी आधी हौसेनं सगळं सेटअप करून बसलो, मग कळलं, मग परत पूर्ण पुसून पहिल्यापासून केलं. तुमची पिन ढिली आहे, जुना चार्जिंगला टिकणार नाही, आणि नवरात्र तोंडावर. मला धाकधूक वाटते.

शिवाय २५ हजारात सेकंडहँडच येणार, आणि तो बहुतेक जुन्या पिनचा असणार, टाईप-सी आयफोन १५ पासून आली, २०२३ मध्ये. घरातल्या कुणाचाच चार्जर लागणार नाही. तरी कुणी सेकंडहँड घेत असेल, कुठल्याही कंपनीचा, तर स्टार हॅश ०६ हॅश दाबून आयएमईआय म्हणजे मोबाईलचा ओळख नंबर काढा आणि इंग्रजीत KYM लिहून एक जागा सोडून तो नंबर १४४२२ ला एसएमएस करा. चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल किंवा तोच नंबर दुसऱ्या मोबाईलवर चालत असेल तर तिथं कळतं. आयफोन असेल तर बॅटरी हेल्थ बघा, आणि आधीच्या मालकाचा ॲपल आयडी समोर काढून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका, नाहीतर तो मोबाईल तुमच्या हातात असून तुमचा नसतो.

खानापूरची_अक्का

मी शाळेत शिकवते, तांत्रिक फारसं कळत नाही, पण कंपनी बदलल्यावर मला सगळ्यात जास्त त्रास कीबोर्डचा झाला. आमच्याकडं पालकांना मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीकडं मेसेज करावा लागतो, आणि नवीन मोबाईलमध्ये त्यांचा स्वतःचा कीबोर्ड होता त्यात बोटं वळेनात, पंधरा दिवस मी कुणाला नीट उत्तर दिलं नाही. मग भाच्यानं गूगलचा जीबोर्ड घालून दिला, मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही लावून, आणि बोलून टाईप होतं ते पण दोन्ही भाषांत चालतं. तुमच्या पण कन्नड बोलणाऱ्या बायका असतील, पहिल्याच दिवशी करून घ्या बाई.

आणि जुना मोबाईल लगेच कुणाला देऊ नका. मी दिला आणि त्यात ह्यांच्या आईच्या औषधांच्या चिठ्ठ्यांचे फोटो राहिले होते.

वडगावची_शिवणवाली

सगळ्यांना कळवायचं होतं, उशीर झाला, मधे दोन लग्नांचे ब्लाऊज होते.

सॅमसंगचा ए२६ घेतला. सर्व्हिस सेंटरला आधी जाऊन आले, डिस्प्ले-बॅटरी इथंच बदलतात म्हणाले, ते ऐकून मनावरचा भार निम्मा उतरला. टिळकवाडीच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे डाळिंबी, मोरपंखी आणि हळदीचा तुकडा घेऊन गेले होते. तीन मोबाईल दारात आणून बघितले, एकावर मोरपंखी निळाच झाला, एकावर हळदी चांगला पण डाळिंबी भडक. ह्याच्यावर नॅचरल मोड केल्यावर डाळिंबी खरा डाळिंबी दिसला, हळदी किंचित फिका येतो पण तेवढं मी सांगून पाठवते. दुकानातल्या पोराला वेळ लागला पण त्यानं तोंड वाकडं केलं नाही, त्याच्या आईसाठी एक खण पण विचारून घेतला.

चॅट आलं. सगळं. ३१ जीबी होतं, अडीच तास लागले, दोन्ही मोबाईल मशीनवर शेजारी ठेवून मी समोर हुक लावत बसले, हात लावला नाही. फोंड्याच्या एका बाईचं २०२१ चं माप शोधून बघितलं, तिचा आवाज आहे तसा आला. कॉन्टॅक्ट आधीच गूगलला टाकले होते म्हणून नावं पण आली, साठ-सत्तर सिमवर होते ते वेगळे आणावे लागले. यूपीआय त्याच सिमवर लगेच झालं, क्यूआर तोच आहे. चार्जर वेगळा घ्यावा लागला. मंगळवारी चंदगडला गेले तेव्हा डेटा रोमिंग दोन्ही सिमचं चालू करून गेले, नेट एकदा पण गेलं नाही.

पोरगा थोडा नाराज आहे, त्याला म्हटलंय कॉलेजला गेल्यावर बघू.

जुन्या मोबाईलची पिन बदलून घेतली, अण्णा म्हणाले तसं काही शेकड्यांतच झालं. तो आता सासूबाईंना देणार, त्यांचं सिम त्यात. त्याच्यातलं माझं गूगल अकाउंट काढून मगच रिसेट करायचं ना? की नुसतं रिसेट केलं तरी चालतं?

खडेबाजार_रिपेरी

आधी अकाउंट काढा, मग रिसेट. उलटं केलं तर चालू करताना तो तुमचाच जुना पासवर्ड मागत बसू शकतो, चोरानं वापरू नये म्हणून केलंय ते. आणि अक्का म्हणाल्या तसं अजून एक आठवडा तसाच कपाटात ठेवा, गॅलरीतला ब्लाऊजच्या डिझाईनचा फोल्डर नवीनवर आलाय का ते एकदा मोजून बघा, तो व्हॉट्सॲपबरोबर येत नाही, वेगळा आणावा लागतो.

वडगावची_शिवणवाली

आला नव्हता!! आत्ता बघितलं, ४०० च्या वर फोटो होते. सॅमसंगचं स्मार्ट स्विच ॲप लावलंय, चालू आहे.